जीर्णोद्धार की रंगरंगोटी?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक मोठे भांडण झाले. दिवाळीत भांडण व्हावे यात नवल ते काय! चकलीला काटा का आला नाही, ओवाळणीत कोणाच्या ताटात किती पडले, यावरून आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भांडणे होत आली आहेत आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ती मिटतही आली आहेत. परंतु हे भांडण एका अमेरिकन आकाशयानावरून झाले आणि ते अद्याप मिटलेले नाही. म्हणूनच हा लेख.

त्याचे असे झाले. माझा भाचा भाऊबीजेसाठी न्यू जर्सीहून आला होता. फराळ आटोपल्यावर तो म्हणाला, "मामा, इकडे या. तुम्हाला तुमचं जुनं प्रेमपात्र दाखवतो." मी दचकलो, तुमची मामी स्वयंपाकघरातून डोकावली. पण पडद्यावर आले ते 'स्टार ट्रेक'! १९६६ ते १९६९ या तीन वर्षांत अमेरिकेत एकोणऐंशी भागांत दाखवली गेलेली ही विज्ञानमालिका ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागत असे. आमच्या कृष्णधवल संचापुढे आळीतली अर्धी पोरे चटईवर बसत आणि त्यांत हा सात वर्षांचा भाचा अगदी पुढे, काचेला नाक लावून बसे. कॅप्टन कर्कचा सदरा कोणत्या रंगाचा असेल यावर आमच्यात पैजा लागत. पुढे कळले की तो सदरा कापड म्हणून हिरवट होता, पण फिल्मवर सोनेरी उतरे! म्हणजे पैज कोणीच जिंकली नाही, किंवा सगळेच जिंकले.

पडद्यावर चित्र लख्ख होते. माणसांचे चेहरे काल टिपल्यासारखे. मिस्टर स्पॉकच्या टोकदार कानाला रंगभूषाकाराने कुठे जोड दिला आहे तेही दिसावे इतके स्पष्ट. माझे डोळे भरून आले, हे मी लपवीत नाही. आणि तेवढ्यात यान आले. गुळगुळीत, सफाईदार, ऐटीत वळणारे. पण ते आमचे यान नव्हते! ते संगणकाने २००६ नंतर काढलेले दुसरेच कोणीतरी होते. मी म्हणालो, "अरे, हे काय? जुने कुठे गेले?" भाचा म्हणाला, "मामा, जुनं बघवत नव्हतं हो. म्हणून सगळं नवं केलं." मी म्हणालो, "बंद कर." तो म्हणाला, "तुम्ही जुन्या वळणाचे." इथून पुढचे संभाषण दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

वाचक मित्रहो, या शाब्दिक चकमकीत भाच्याने माझ्यावर एक आरोप केला, तो मात्र मी मुळीच मान्य करणार नाही. तो म्हणाला, मामांना धुरकट चित्रच आवडते. साफ खोटे! मी फोटोवाल्याचा मुलगा आहे. वडिलांच्या स्टुडिओत, लाल दिव्याखाली, हायपोच्या वासात माझे बालपण गेले. निगेटिव्ह म्हणजे काय आणि प्रिंट म्हणजे काय, हे मला बाराखडीच्या आधी शिकवले गेले. वडील म्हणत, "प्रिंट गेली तर जाऊ दे. निगेटिव्ह देवघरात ठेव."

हा फरक ज्याला कळला त्याला या वादाचे मर्म कळले. १९६६ ची 'स्टार ट्रेक' पस्तीस मिलिमीटरच्या चित्रपटाच्या फिल्मवर घेतलेली होती. त्या फिल्मवर जेवढा तपशील उतरला होता त्याचा लहानसा अंशच त्या काळच्या दूरचित्रवाणी संचावर पोचत असे. म्हणजे आम्ही जो धुरकटपणा पाहिला तो कलावंतांचा नव्हे, वाटेचा होता. गंगेचे पाणी गढूळ पेल्यातून प्यावे तसे. पेला धुवा, असे कोणी म्हणत असेल तर मी त्याला हार घालीन.

आणि हा पेला कसा धुवावा याचा नमुना त्याच घराण्यातल्या धाकट्या मालिकेत पाहायला मिळतो. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही मालिका १९८७ ते १९९४ अशी सात वर्षे चालली; भाग एकशे अठ्ठ्याहत्तर. तिचे चित्रण फिल्मवरच झाले, परंतु पैसा आणि वेळ वाचावा म्हणून सगळी जुळवाजुळव व्हिडिओ टेपवर केली गेली. अमेरिकन टेपचे चित्र म्हणजे पाचशे पंचवीस रेषा. त्यांतल्या दिसणाऱ्या चारशे ऐंशीच्या आसपास. आजच्या एचडी पडद्याला एक हजार ऐंशी लागतात. तेव्हा टेप मोठी करून भागेना. तयार झालेला भाग फिल्मवर कुठेच नव्हता! होती ती फक्त सुटी रिळे, सुमारे पंचवीस हजार.

मग त्या लोकांनी काय करावे? त्यांनी ती रिळे बाहेर काढली, धुतली, पुन्हा टिपून घेतली, आणि प्रत्येक भाग जुन्या टेपशी ताडून पाहत, तुकड्याला तुकडा जोडून पहिल्यापासून बांधला. यानाची छोटी प्रतिकृती ज्या फिल्मवर घेतली होती ती वेगळी, त्याच यानाचे दिवे ज्या फिल्मवर घेतले ती वेगळी. या पट्ट्या शोधून त्या पुन्हा एकावर एक बसवल्या. जे मुळात संगणकावर किंवा टेपवरच तयार झाले होते, म्हणजे ज्याची निगेटिव्ह कधी नव्हतीच, तेवढेच नव्याने केले आणि तेही जुन्याच्या चालीवर. चौकट रुंद केली नाही. मूळची चार-तीनचीच ठेवली. २०१२ च्या जुलैपासून २०१४ च्या डिसेंबरपर्यंत सातही वर्षांचे संच ब्लू-रे तबकड्यांवर निघाले. याला मी जीर्णोद्धार म्हणतो. ज्यांनी हे केले त्यांच्या पाया पडायला मी विमानाचे तिकीट काढून जाईन. भाच्याने पैसे दिले तर उद्याच.

आता दुसरी बाजू पाहा. मूळ 'स्टार ट्रेक'च्या चाळिसाव्या वर्षी, २००६ साली, मालकांनी फिल्म टिपून चेहरे लख्ख केले, ते उत्तमच केले. पण त्याच हाताने त्यांनी यान, ग्रह, आकाशातली युद्धे, हे सारे जुने ट्रिकसीन काढून त्यांच्या जागी संगणकाचे बसवले. ही झाली रंगरंगोटी. आपल्याकडे गावोगाव हा प्रकार आपण पाहतो. काळ्या पाषाणाचे हेमाडपंती देऊळ असते. त्यावर एखाद्या कारागिराने महिनोन्‌महिने छिन्नी चालवलेली असते. मग गावात पैसा येतो, जीर्णोद्धार समिती स्थापन होते आणि पहिला ठराव होतो तो ऑइलपेंटचा. यक्षिणीला गुलाबी गाल मिळतात, खांबांना पोपटी पट्टे मिळतात, आणि समितीच्या अध्यक्षांचे नाव संगमरवरावर लागते. कारागिराचे नाव मुळातच कुठे नव्हते. आता त्याचे कामही राहत नाही.

रंगवाल्यांचे तीन युक्तिवाद आहेत. तिन्ही मी भाच्याकडून ऐकले आहेत, तेव्हा ते विपर्यास न करता देतो.

पहिला असा की, "त्या लोकांकडे संगणक असता तर त्यांनी तोच वापरला असता." असता! पण नव्हता, आणि नव्हता म्हणूनच त्यांनी डोके वापरले. दर आठवड्याला एवढे मोठे यान नव्या ग्रहावर उतरवणे मालिकेच्या खर्चात बसत नव्हते. म्हणून त्यांनी माणसेच विरघळवून खाली पाठवण्याची युक्ती काढली. त्या विरघळण्यातला झगमगाट कशाचा? प्रखर उजेडात सोडलेल्या ॲल्युमिनियमच्या भुकटीचा! जगभरच्या पोरांनी जी कल्पना डोक्यावर घेतली ती दारिद्र्याच्या पोटी जन्मली. संगणक असता तर यानच उतरले असते आणि ती कल्पना कोणाला सुचलीच नसती. अभावातून जे निर्माण झाले त्यावरचा अभाव पुसायला निघालात तर निर्मितीही पुसली जाते. बालगंधर्वांच्या तबकड्यांवरची खरखर काढा. मी तुमचा ऋणी होईन. पण "नारायणरावांकडे आजची साधने असती तर" असे म्हणून त्यांच्यामागचे ऑर्गन आणि सारंगी पुसून तिथे यंत्राचा वाद्यवृंद वाजवू लागलात, तर मी पोलिसांना बोलावीन.

दुसरा युक्तिवाद, "नव्या पिढीला जुने बघवत नाही." ही नव्या पिढीची निव्वळ बदनामी आहे. आमच्या चटईवरच्या पोरांना दोऱ्या दिसत नव्हत्या का? दिसत होत्या! त्यांना कठपुतळीच्याही दोऱ्या दिसतात आणि तरीही ती राजाच्या मरणावर रडतात. मुलाला खोटेपणाचा कंटाळा येत नाही, कंटाळवाण्या गोष्टीचा येतो. ब्रिटिश लोकांनी 'रेड ड्वार्फ' या त्यांच्या विनोदी आकाशमालिकेच्या पहिल्या तीन पर्वांवर १९९८ मध्ये असाच हात फिरवला. नवी संगणकी याने घातली, चित्र वरखाली कापून रुंद केले, त्याला चित्रपटाचा आव आणला. रसिकांनी नाके मुरडली. पुढे तबकड्या निघाल्या तेव्हा आधी मूळच्याच काढाव्या लागल्या.

तिसरा युक्तिवाद जरा वजनदार आहे. "वस्तू ज्याची, त्याने ती बदलली तर तुमचे काय जाते?" याला उत्तर देण्याआधी एक गंमत सांगतो. १९८८ साली अमेरिकेत जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग फासण्याची टूम निघाली होती. तेव्हा तिथल्या संसदेपुढे जाऊन या प्रकाराविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत 'स्टार वॉर्स'चे कर्ते जॉर्ज लुकस होते. आणि याच लुकससाहेबांनी १९९७ मध्ये स्वतःच्या चित्रपटांत नवी दृश्ये, नवे प्राणी घुसवले आणि पुढची आपली प्रमाण आवृत्ती म्हणून तीच चालवली. यावरून मी एवढेच म्हणतो की, कर्त्यालाही कर्त्यापासून जपावे लागते. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचा लेखकाला हक्क आहे. पहिली आवृत्ती लोकांच्या कपाटांतून गोळा करून जाळण्याचा नाही.

आणि 'स्टार ट्रेक'च्या बाबतीत तर कर्तेही नव्हते. एवढे ट्रिकसीन एका माणसाने केले नव्हते. हॉलिवूडमधल्या निरनिराळ्या कार्यशाळांतल्या कारागिरांनी ते रात्री जागून केले होते. त्यांना कोण विचारणार?

इथे मला माझेच एक पाप सांगितले पाहिजे. मी एकोणीस वर्षांचा असेन. स्टुडिओत एक शेतकरी आला. त्याची आई नुकतीच वारली होती. आमच्याकडेच जत्रेच्या वेळी तिचा एक फोटो काढलेला होता; तो मोठा करून हवा होता. म्हातारीच्या तोंडावर देवीचे व्रण होते. वडील बाहेरगावी गेलेले. मला रीटचिंगचा नुकताच नाद लागला होता. मी पेन्सिल आणि ब्रश घेऊन दोन रात्री बसलो आणि एकूण एक व्रण बुजवला. काय सुरेख झाली होती ती प्रिंट! शेतकऱ्याने ती हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, "फोटू झ्याक हाय, मालक. पर ही आमची आय न्हवं."

वडील परत आल्यावर मी त्यांना सांगितले. ते रागावले नाहीत, ते एकच प्रश्न विचारते झाले, "निगेटिव्हवर हात चालवलास की प्रिंटवर?" मी म्हणालो, "प्रिंटवर." त्यांनी सुस्कारा टाकला, पाकिटातून निगेटिव्ह काढली आणि दुसरी प्रिंट केली. ती घेताना शेतकऱ्याने बोटाने तिच्या गालावरून, त्या व्रणांवरून हात फिरवला. मी त्यानंतर आयुष्यभर रीटचिंग केले, पोटासाठी केले, मुलींच्या लग्नांच्या फोटोंत पुष्कळ मुरमे घालवली. पण विचारल्याशिवाय केले नाही, आणि निगेटिव्हवर तर कधीच नाही.

याच तत्त्वाने वागलेले लोक त्याच अमेरिकेत आहेत. 'स्टार ट्रेक'च्या यानाची मूळ प्रतिकृती अकरा फूट लांबीची आहे. लाकूड, प्लास्टिक आणि पत्र्याची. १९७४ पासून ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. १९९१ मध्ये तिची डागडुजी करताना तिच्यावर ठळक रेघा आणि छटा रंगवल्या गेल्या आणि रसिक संतापले. पुढे संग्रहालयाने ते काम पुन्हा हाती घेतले. जुने फोटो असतील तर द्या, असे लोकांना आवाहन केले. शोधता शोधता यानाच्या तबकडीच्या वरच्या अंगावर मूळचा रंग शिल्लक असलेला आढळला. त्याच्याशी जुळवून बाकीचे यान १९६७ च्या ऑगस्टमध्ये जसे होते तसे केले आणि २०१६ च्या जुलैत लोकांपुढे ठेवले. शेंदराची खोळ गळून आतली जुनी मूर्ती दिसावी तसा हा प्रकार! लाकडी यानाला जो न्याय मिळाला तो पडद्यावरच्या यानाला मिळू नये काय?

केवळ यानवाल्यांनाच झोडपून मी थांबणार नाही. आम्हा रसिकांच्याही पदरात थोडे माप घालतो. 'नेक्स्ट जनरेशन'च्या त्या सुंदर तबकड्या अपेक्षेइतक्या खपल्या नाहीत. परिणाम काय झाला? तिच्या पाठच्या दोन बहिणी, १९९३ ची 'डीप स्पेस नाइन' आणि १९९५ ची 'व्हॉयेजर', टेपवरच्या धुक्यात राहिल्या. पहिलीवरच्या एका माहितीपटासाठी रसिकांनी वर्गणी काढली तेव्हा कुठे तिची काही मिनिटांची दृश्ये मूळ फिल्मवरून लख्ख झालेली २०१९ मध्ये पाहायला मिळाली. 'बॅबिलॉन ५' ची कथा याहून करुण. चित्रण पुढच्या काळाच्या रुंद पडद्याचा विचार करून केलेले, पण संगणकी दृश्ये मात्र त्या वेळच्या अरुंद पडद्यापुरतीच. २००२ पासून तबकड्या निघाल्या तेव्हा ती दृश्ये वरून-खालून कापून ताणली आणि माणूस लख्ख, यान भुरकट असा प्रकार झाला. २०२१ मध्ये शहाणपण सुचले. चौकट पुन्हा मूळची झाली आणि चित्र एकजीव झाले.

आणि ज्यांची निगेटिव्हच राहिली नाही त्यांचे काय? बीबीसीने १९६३ पासूनच्या 'डॉक्टर हू'च्या टेपा साठ-सत्तरच्या दशकांत पुसून पुन्हा वापरल्या. टेप महाग होती ना! शंभराच्या आसपास भाग नाहीसे झाले. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शिल्लक आहे, का तर काही पोरांनी घरच्या संचासमोर टेपरेकॉर्डर धरून तो उतरवून घेतला होता. संस्थेने पुसले ते पोरांनी राखले! २०१३ मध्ये नायजेरियात नऊ भागांच्या फिल्म्स सापडल्याचे जाहीर झाले तेव्हा लोकांना घबाड गवसल्याचा आनंद झाला. त्या फिल्म्स डागाळलेल्या होत्या, कृष्णधवल होत्या. कोणी तक्रार केल्याचे मी ऐकले नाही. वस्तू गेली की तिचे डागही प्रिय होतात. पुण्यात २००३ च्या जानेवारीत जुन्या नायट्रेट फिल्म्सच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातचा ठेवा जळाला, तेव्हा आपणही हे शिकायला हवे होते.

आता तर घरच्या संगणकावर अशी यंत्रे आली आहेत की धुरकट चित्र दिले म्हणजे ती आपल्या मनाने तपशील भरून ते लख्ख करून देतात. आपल्या मनाने! म्हणजे मी एकोणिसाव्या वर्षी जे केले तेच, पण दर सेकंदाला पंचवीस वेळा, आणि "ही आमची आय न्हवं" म्हणायला समोर कोणी नसताना. ज्याची फिल्म कुठेच नाही त्याला हा शेवटचा उपाय म्हणून चालेल. ज्याची फिल्म कपाटात आहे त्याला ही शुद्ध आळशी फसवणूक आहे.

तेव्हा माझे मागणे एवढेच. निगेटिव्ह राखा. धूळ झाडा, रंग फासू नका. चौकट कापू नका. आणि एवढे करूनही नवे यान उडवायची हौस असेल तर जरूर उडवा, पण जुने यान शेजारी उभे ठेवा आणि कोणते कोणते ते सांगा.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. मूळ 'स्टार ट्रेक'च्या २००९ च्या तबकड्यांवर दोन्ही आवृत्त्या दिलेल्या आहेत. एक कळ दाबली की संगणकाचे यान, दुसरी दाबली की लाकडाचे! भाच्याला हे ठाऊक नव्हते. त्याने जे दाखवले ते घरबसल्या महिन्याच्या वर्गणीवर येणारे होते, आणि त्यात ही कळच नव्हती. मी त्याला पत्राने हे कळवले. त्याचे उत्तर आले : "मामा, तबकड्या घेतल्या आहेत. दिवाळीला घेऊन येतो. चटई काढून ठेवा."

चटई मी काढून ठेवली आहे. नवे यान कोणाला आवडले तर आवडू दे. माझे त्याच्याशी आता भांडण नाही. माझे भांडण आहे ते ती दुसरी कळ काढून टाकणाऱ्यांशी.